आईच्या साड्यांची गोधडी मशीनवर शिवताय? कात्रीआधी हिशोब मांडा

बेळगाव : ट्रंकेत आईची लुगडी, सुती साड्या घडी घालून ठेवलेल्या असतात. त्या नेसल्या जात नाहीत आणि टाकवतही नाहीत. हाताने गोधडी शिवणाऱ्या आज्या गल्लोगल्ली कमी झाल्या. ज्या आहेत त्यांना आता सुईत दोरा ओवणं जमत नाही. अशा वेळी घरातलं साधं शिलाई मशीन कामाला येतं. पण एकदा कापलेली साडी पुन्हा अखंड होत नाही. म्हणून आधी हिशोब, मग कात्री.

इकडे तिला वाकळ म्हणतात, कन्नडमध्ये कौदी, गुजरातीत गोदडी, हिंदीत गुदडी, तेलुगूत बोंत. नाव बदललं तरी रीत तीच: जुन्या कापडाचे थर आणि त्यांना धरून ठेवणारे टाके.

कापड कोणतं?

सुती कापडच घ्या. जॉर्जेट, नायलॉन मशीनखाली सरकतं. साडी उजेडासमोर धरून पाहा. विरलेला भाग वरच्या तुकड्यांसाठी घेऊ नका, तो आतल्या थराला चालतो. नवीन कापड मिसळायचं असेल तर रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं, रंगही सोडतं.

किती लागेल?

एका माणसाच्या गोधडीचं माप ६० × ९० इंच धरा. साडेसहा इंचाचे चौकोन कापले, चारही बाजूंनी पाव इंच शिलाईत गेला की ६ इंच उरतात. आडवे १० आणि उभे १५, म्हणजे १५० चौकोन. साडीच्या पन्ह्यात काठ वगळून आडवे ६ चौकोन बसतात.

खालच्या बाजूसाठी एका साडीचे ९६ इंचांचे दोन तुकडे लांबीत जोडा. जास्तीची पट्टी कडेच्या गोटाला होते. आत एक किंवा दोन साड्यांचे थर पुरेत. त्याहून जाड घरगुती मशीनला झेपत नाही. सगळं मिळून साधारण चार साड्या लागतात.

जोडणी

आधी १० चौकोनांची एक ओळ, अशा १५ ओळी करा. पहिल्या ओळीतल्या शिलाया इस्त्रीने डावीकडे दाबा, दुसऱ्या ओळीतल्या उजवीकडे. मग ओळी एकमेकींना जोडताना सांध्यावर कापड साचत नाही आणि सुई अडत नाही.

खरी मेख इथे

गोधडी बिघडते ती थर लावताना. मशीनचे दाते खालचं कापड पुढे ओढतात, वरचा पाय वरचं कापड मागे धरतो. थर सरकतात आणि चुण्या पडतात. हाताने शिवताना बोटांनी कापड सारखं करता येतं, म्हणून हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका कवंदी कडेपासून आत शिवत नेतात. मशीनवर मात्र उलटं करायचं.

सगळे थर जमिनीवर ताणून पसरा, कडांवर वजन ठेवा. मधोमधपासून कडेकडे, वीत-वीत अंतरावर कच्चा धावदोरा घाला. यात अर्धा दिवस जातो, पण हे टाळू नका.

मग १६ नंबरची सुई लावा, टाका ३ मिलिमीटरचा ठेवा. पहिली टीप बरोबर मधून. त्यानंतर एक डावीकडे, एक उजवीकडे, ३-३ इंचांवर, सगळ्या एकाच दिशेने. अशा १९ टिपा, म्हणजे सुमारे ४३ मीटर शिलाई. दोरा त्याच्या अडीच-तीन पट लागतो, तेव्हा बॉबिन आधीच भरून ठेवा. बाजूचा भाग गुंडाळून मशीनच्या दांडीखालून न्या आणि लोंबणाऱ्या भागाला खुर्चीचा आधार द्या. त्याचं ओझं सुईवर आलं की सुई मोडते. शेवटी कडा सारख्या कापून गोट लावा आणि धावदोरा काढा.

पहिलाच प्रयोग आईच्या साडीवर नको. जुन्या चादरीतून बाळाचं दुपटं शिवून हात बसवा. नंतर मोठी गोधडी करताना आईच्या पदराचे तुकडे मधोमध येऊ द्या, कारण झिजायला सुरुवात नेहमी कडेने होते. गोट फाटला तर बदलता येतो, पदर बदलता येत नाही.