फिजिक्सच्या विद्यार्थ्याला सल्ला हवा तो केव्हा?

‘सर, पुढे काय करू?’ हा प्रश्न घेऊन बी.एस्सी. फिजिक्सची मुलं स्टाफरूमच्या दाराशी येतात, ती बहुधा टीवायच्या शेवटच्या सत्रात. तोवर आयआयटींमधल्या एम.एस्सी.साठीची ‘जॅम’ परीक्षा होऊन गेलेली असते. ती फेब्रुवारीत होते आणि तिचे अर्ज आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरातच भरावे लागतात. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, तिचे अर्जही हिवाळ्यातच घेतले जातात. शैक्षणिक मार्गदर्शन पदवी संपताना घ्यायचं असतं, हा समज म्हणूनच सगळ्यांत महागात पडतो.

त्याच्या जोडीला दुसरा समज असतो: मेंटॉरकडे जायचं ते एटीकेटी लागलेल्यांनी. बहुतेक कॉलेजांत प्रत्येक शिक्षकाकडे मेंटॉर म्हणून काही विद्यार्थी सोपवलेले असतात. पण भेटीत हजेरी आणि गुण यांच्यापलीकडे फारसं बोलणं होत नाही, त्यामुळे चांगले गुण मिळवणाऱ्याला तिथे आपलं काही काम आहे असं वाटतच नाही. खरं तर त्याच्यापुढे पर्याय जास्त असतात. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 2004 पासून ‘नियस’ हा उपक्रम चालवतं. पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांना तिथे शिबिरं मिळतात, पुढे प्रकल्पही करता येतो. त्याचं नाव पहिल्यांदा टीवायला कानावर आलं, तर त्याचा उपयोग काय?

सर्वांत जास्त बोलायला हवं ते गणिताबद्दल. नव्या शैक्षणिक धोरणात फिजिक्स मेजर घेतल्यावर मायनर कोणता, हा प्रश्न लवकरच येतो आणि ‘गणित अवघड जातं, त्यापेक्षा स्कोअरिंग विषय घे’ हा सल्ला सीनियरकडून फुकट मिळतो. पहिल्या वर्षी या सल्ल्यात काही चूक दिसत नाही. सदिश आणि साधं कलन यांवर भागून जातं. फटका बसतो तो क्वांटम मेकॅनिक्सच्या पेपरला. हायड्रोजन अणूसाठी श्रोडिंगरचं समीकरण फळ्यावर येतं आणि त्याचे r, थीटा आणि फाय असे तीन भाग पाडले जातात. फायचा भाग सोपा, तो दोलकाच्या समीकरणासारखाच. थीटाच्या भागातून लजांद्रचं समीकरण निघतं आणि ते सोडवायला घातश्रेणीची रीत लागते. ज्याने विकल समीकरणं नीट शिकलेली नाहीत, त्याच्या वहीत इथून पुढे फक्त उत्तर उतरतं. l पूर्णांकच का असतो, m ची किंमत l पेक्षा जास्त का होत नाही, हे सगळं तो पाठ करतो. जॅमच्या फिजिक्सच्या अभ्यासक्रमातला पहिलाच विभाग गणिती पद्धतींचा आहे आणि पदवीला गणित हवं अशी अट काही एम.एस्सी. प्रवेशांना असते. ती त्या वर्षीच्या माहितीपत्रकात स्वतः वाचून घ्यावी.

म्हणून सगळ्यांनी गणितच घ्यावं, असं मी म्हणणार नाही. उपकरणांकडे ओढा असलेल्याला इलेक्ट्रॉनिक्सचा मायनर चांगला उपयोगी पडतो. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीत प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. तिथल्या कामात रिसीव्हरचं इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकावरची विदा हाताळणं यांचा वाटा फार मोठा आहे. पण आपण काय सोडतो आहोत आणि कशासाठी, हे ठरवायला दुसऱ्या सत्रात शिक्षकाबरोबर निवांत अर्धा तास बसावं लागतं.

‘चार वर्षं केली नाहीत तर पदवी अपुरी’ हेही चुकीचं आहे. यूजीसीच्या 2022 च्या आराखड्यात किमान 120 क्रेडिटची तीन वर्षांची पदवी पूर्ण पदवीच आहे. 160 क्रेडिटला चार वर्षांची ऑनर्स मिळते. ‘संशोधनासह ऑनर्स’साठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के हवेत आणि चौथ्या वर्षी 12 क्रेडिटचा प्रकल्प करावा लागतो. चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असतील तर पीएच.डी.साठी थेट अर्ज करता येतो, हे खरं. पण संशोधनाची सोय प्रत्येक कॉलेजात नसते. चौथ्या वर्षी प्रयोगशाळेत करण्यासारखं काही नसेल, तर तीन वर्षांनंतर सुसज्ज विद्यापीठ विभागात दोन वर्षांची एम.एस्सी. करणं केव्हाही चांगलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गुण चांगले असले की शिफारसपत्रही आपोआप चांगलं मिळतं, असं मुलं धरून चालतात. गुण तर गुणपत्रिकेवर असतातच, पत्रात त्यापलीकडचं हवं असतं. न्यूटन रिंग्जच्या प्रॅक्टिकलला एखादी विद्यार्थिनी ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचा स्क्रू उलटसुलट फिरवल्यावर वाचन बदलतं, हे स्वतः पकडते. मग स्क्रू एकाच दिशेने फिरवत सगळी वाचनं पुन्हा घेते आणि बॅकलॅश एररची नोंद जर्नलमध्ये करते. तिच्याबद्दल शिक्षकाला पानभर लिहिता येतं. शेजारच्या बॅचची वाचनं उतरवून जर्नल सर्टिफाय करून घेणाऱ्याबद्दल दोन ओळींपुढे काही सुचत नाही, मग त्याचे गुण तिच्याइतकेच का असेनात.

राहिला पालकांचा समज: फिजिक्स म्हणजे मास्तरकी नाहीतर पीएच.डी. कर्करोगाच्या रेडिओथेरपीत रुग्णाला ठरलेली मात्रा कशी द्यायची याची आखणी करायला मेडिकल फिजिसिस्ट लागतो. एम.एस्सी. फिजिक्सनंतर भाभा अणुसंशोधन केंद्रातली रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका हा त्याचा एक रुळलेला मार्ग आहे. हवामान खातं आहे, अणुऊर्जा प्रकल्पांमधली स्टायपेंडरी ट्रेनीची भरती आहे आणि ती बी.एस्सी.वरही होते.

आणि मार्गदर्शकाने आपला निर्णय घ्यावा, ही अपेक्षाही सोडायला हवी. त्याने माहिती द्यावी, धोका दाखवावा, स्वतःला ठाऊक नसेल तिथे ठाऊक असलेल्याचं नाव सांगावं. कॉलेजांनीही या भेटीसाठी वेळापत्रकात खरा तास ठेवावा. जर्नलवर सही घेता घेता उभ्या उभ्या झालेलं बोलणं मार्गदर्शन म्हणून धरू नये.

एफवायला असाल तर याच सत्रात मेंटॉरची वेळ मागून घ्या. जाताना गुणपत्रिका, पुढच्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि कागदावर लिहिलेले तीन प्रश्न बरोबर न्या.