अतिसारानंतरचा मूत्रपिंडविकार : बरे झालेल्या बालकाचीही तपासणी आवश्यक

रक्तमिश्रित जुलाबानंतर आठवड्याभरात बालक फिकट पडले, त्याची लघवी कमी झाली किंवा चेहऱ्यावर सूज आली, तर त्यास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. ही हिमोलायटिक युरेमिक सिंड्रोमची लक्षणे असू शकतात. काही जीवाणूंच्या विषामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, तांबड्या रक्तपेशी फुटतात व मूत्रपिंडांचे काम मंदावते. प्रस्तुत पत्रक मात्र मुख्यतः या संकटातून वाचलेल्या बालकांच्या पालकांसाठी आहे.

डायलिसिस थांबले, मूल खेळू लागले, की आजार संपला असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि नष्ट झालेली गाळणी पुन्हा निर्माण होत नाही. तिचा भार उरलेल्यांवर पडतो व काही वर्षांत त्याही झिजू लागतात. या काळात बालकास काहीही दुखत नाही. जवळजवळ निम्मी कार्यशक्ती जाईपर्यंत रक्तातील क्रिएटिनीनही सामान्य दिसू शकते. तेवढ्या एका अहवालावर निश्चिंत राहू नये. लघवीतून प्रथिने जाणे आणि रक्तदाब वाढणे या खुणा अनेकदा त्याआधी दिसतात. त्या वेळीच आढळल्यास औषधांनी झीज मंदावता येते. आजारात लघवी आठवड्याहून अधिक काळ बंद होती, अशा बालकांना धोका विशेष असतो.

म्हणून रक्तदाब, लघवीतील प्रथिने व क्रिएटिनीन यांची तपासणी पहिल्या वर्षी डॉक्टर सांगतील तितक्या वेळा आणि पुढे किमान ५ वर्षे दरवर्षी करावी. दोष आढळल्यास ती सुरूच ठेवावी. रक्तदाब मोजताना बालकाच्या दंडास योग्य असा लहान पट्टा वापरण्याची विनंती करावी.

भारतात हा आजार जुलाबांशिवायही होतो. शरीरच स्वतःच्या एका संरक्षक प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, हे त्याचे आपल्याकडील मोठे कारण आहे. हा प्रकार उलटू शकतो. त्यामुळे त्यावरील औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. सर्दी-तापानंतर लघवी गडद झाल्यास तत्काळ डॉक्टरांना दाखवावे.

जबलपूरची काही कुटुंबे उपचारांसाठी नागपूरला जातात आणि पुढील तपासण्या येथे करतात. अशा वेळी कार्यमुक्ती-पत्र व सर्व अहवाल एकाच फाइलमध्ये ठेवावेत आणि नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयात वा अन्यत्र जाताना ती सोबत न्यावी. ताप किंवा अंगदुखीसाठी दुकानातून आयब्युप्रोफेन घेऊ नये. औषध लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांना हा पूर्वीचा आजार आधी सांगावा.