कागदावरची दगडी फुले

आग्र्याचा ताजमहाल तुम्ही निदान चित्रात तरी पाहिला असेल. दुरून तो पांढराशुभ्र दिसतो. आत मुमताज महल आणि शाहजहान यांच्या कबरींपाशी गेले, की त्याच संगमरवरावर लाल, निळी, हिरवी फुले उमललेली दिसतात. ही फुले रंगाने काढलेली नाहीत. संगमरवरात पाकळीच्या आकाराची खाच कोरायची, रंगीत दगडाचा पातळ तुकडा घासून घासून तिच्या मापाचा करायचा आणि खाचेत पक्का बसवायचा, असे हे काम आहे. याला पच्चीकारी म्हणतात. आपण उर्दूत परचीनकारी म्हणतो. निळ्या रंगासाठी लाजवर्द अफगाणिस्तानातील बदख्शानहून येई. अकीक फिकट नारिंगीपासून गडद तपकिरीपर्यंत अनेक छटांचा मिळतो. कारागीर एकाच पाकळीत या छटा शेजारी शेजारी बसवत, म्हणून पाकळी वळल्यासारखी भासते.

इ. स. १८०३ मध्ये आग्रा इंग्रजांच्या ताब्यात गेले. तेथे येणाऱ्या इंग्रजांना या इमारतींची आठवण घरी न्यायची असे. छायाचित्रण तेव्हा अस्तित्वात नव्हते. मग आग्र्याचे चित्रकार विलायती कागदावर ताजमहाल, इतमादुद्दौला यांचा मकबरा आणि त्यांवरील नक्षी काढून देऊ लागले. त्यांपैकी लतीफ यांचे नाव आज माहीत आहे. बहुतेकांनी मात्र सही केली नाही.

हे काम सोपे नव्हते. पूर्ण मकबरा काढताना एखादी चूक लपून जाते; एका फुलाच्या चित्रात ती लपत नाही. कोणता तुकडा कोठे संपतो, दुसरा कोठे सुरू होतो, अकीकाची कोणती छटा कोणत्या कडेला आहे, हे सारे चित्रकाराला बारीक कुंचल्याने दाखवावे लागे. (पिंपळाच्या एकाच पानाच्या सगळ्या शिरा काढून पाहा, म्हणजे कल्पना येईल.)

पुढे या चित्रांना वेगळेच मोल आले. ताजमहालातील कित्येक खडे लोकांनी टोकरून नेले. विसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड कर्झन यांच्या काळात इमारतीची मोठी दुरुस्ती झाली. त्यामुळे आज एखाद्या फुलातील कोणता दगड जुना आणि कोणता नंतर बसवलेला, हे डोळ्यांनी ओळखणे कठीण जाते. अशा वेळी दुरुस्तीपूर्वीचे चित्र साक्षीदारासारखे उपयोगी पडते. अर्थात साक्षीदारही कधी चुकतो. गिऱ्हाइकाला फूल सुंदर दिसावे म्हणून चित्रकाराने निखळलेला खडा कागदावर भरून काढला असेल, तर? म्हणून अभ्यासक चित्र आणि दगड दोन्ही शेजारी ठेवून तपासतात.

यांपैकी बरीच चित्रे आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि ब्रिटिश ग्रंथालयात आहेत.