साडेतीनशेचा पाईप आणि भुऱ्यानं खाल्लेली उधारीची वही

व्हिडिओत माझ्या खुर्चीखाली जे पिल्लू झोपलेलं दिसतं ना, तो आमचा भुऱ्या. तो दुकानात आला माझ्या गाडीमुळे, आणि आल्यावर त्यानं मला जवळपास अडतीस हजारांचा घाम फोडला. आज दोन्ही गोष्टी सांगतो, कारण तुमच्यापैकी बरेच जण सध्या जुनी गाडी घेऊन बाजार करायच्या तयारीत आहेत.

माझं गोरेगावला प्लास्टिक आणि भांड्यांचं दुकान आहे. सोबत एक जुना छोटा हत्ती. आठवड्यातले चार दिवस आजूबाजूच्या गावांचे बाजार करतो. गेल्या पावसाळ्यात गाडीच्या रेडिएटरमध्ये रोज सकाळी एक-दीड लिटर पाणी टाकावं लागायचं. मी टाकायचो आणि निघायचो. दोन महिने असंच चाललं. खाली एक होज पाईप चिरला होता, किंमत साडेतीनशे. "दिवाळी झाली की बघू" म्हणत राहिलो. गाडी चालत होती ना बाप्पा!

सप्टेंबरमध्ये सडक अर्जुनीकडे जाताना कोहमाऱ्याच्या अलीकडे टेम्परेचरचा काटा लालमध्ये गेला. मला वाटलं, पाच-सात किलोमीटर तर आहे, नेऊ ओढत. तीच चूक. कोहमाऱ्याला हायवेवर पोचेपर्यंत सायलेन्सरमधून पांढरा धूर निघायला लागला आणि गाडी बसली. मिस्त्रीनं पाहिलं आणि एकच विचारलं, "पाणी रोज टाकता, पन ते जाते कुठं हे पाहलं नाही का जी?"

मी बीबीए केलेला माणूस. उत्तर नव्हतं.

हेड गॅस्केट उडालं होतं, हेडला बाक आला होता. हेड लेथवाल्याकडे फेसिंगला गेलं. सुटे भाग आणि मजुरी धरून ११,८०० आणि गाडी ओढून न्यायचे २,५००. हे झालं बिलात दिसलेलं. पण दिवाळीच्या आधीचे चार बाजार बुडाले. एका बाजारात मला सगळा खर्च जाऊन साधारण १,८०० सुटतात, म्हणजे आणखी ७,२००. एकूण २१,५००. साडेतीनशेच्या पाईपापायी!

आता इथं थोडं थांबा, कारण खरी गंमत हिशोबात आहे. कॉलेजात घसारा शिकलो, मार्कही चांगले पडले. इन्कम टॅक्समध्ये धंद्याच्या गाडीवर वर्षाला १५ टक्के घसारा धरतात, गाडी भाड्यानं चालवत असाल तर ३० टक्के. सीए तो आकडा लिहितो, नफा कमी दिसतो, टॅक्स वाचतो. पण त्या घसाऱ्याचे पैसे कुठल्याच डब्यात जमा होत नाहीत. तो कागदावरच असतो. मिस्त्रीला द्यायला नगद लागते, आणि ती मी गल्ल्यातून काढली. म्हणजे ज्या पैशात दिवाळीचा माल भरायचा होता, तो गाडीनं खाल्ला. वरून मी डिझेल, हवा, पंक्चर, सगळं "दुकान खर्च" म्हणून एकाच जागी लिहायचो. त्यामुळे गाडी मला किती महाग पडते हे मलाच माहीत नव्हतं.

आता वेगळं बचत खातं आहे. दर किलोमीटरला दोन रुपये. महिन्याला माझी गाडी १,४०० किलोमीटर फिरते, म्हणजे २,८०० बाजूला. दर सोमवारी मीटर पाहतो आणि तेवढे टाकतो, धंदा झाला असो की नसो. आठ महिन्यांत २२,४०० होतात. तुमचा दर वेगळा निघेल. मागच्या वर्षाची सगळी बिलं गोळा करा, एकूण किलोमीटरनं भागा, आकडा समोर येईल. बिलं नसतील तर आजपासून ठेवा. (आणि हो, गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. साध्या पाण्यानं आतून गंज धरतो, कूलंटच टाका.)

गाडी दुरुस्त होईपर्यंत मी गॅरेजवर चकरा मारत होतो. तिथं एक पिल्लू माझ्या गाडीखाली झोपायचं. शेवटच्या दिवशी मुलगी सोबत होती, विषय संपला. घरी आल्यावर आठवड्याभरात त्यानं तिच्या बोटाला दात लावले. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुतली आणि लगेच सरकारी दवाखाना गाठला. इंजेक्शनाच्या तारखा पाळल्या, एकही चुकवली नाही. पिल्लू आहे, खेळताना लागलं, असं म्हणून घरी बसू नका.

मग नोव्हेंबर. धान कापणी चालू होती. आपल्याकडे उधारी कधी वसूल होते हे तुम्हाला सांगायला नको: धान केंद्रावर जाते, चुकारे खात्यात पडतात, मग लोक दुकानात येतात. म्हणजे तेव्हा उधारी टोकाला गेलेली असते. लक्ष्मीपूजनाला बेरीज मारली होती, म्हणून आकडा लक्षात होता: ४१ नावं, ३७,९०० रुपये. वही स्टुलावर ठेवून मी जेवायला गेलो. आलो तर भुऱ्यानं मधली पानं बाहेर काढून चावून चावून लगदा केला होता. नावं अर्धी, आकडे गायब. दुसरी प्रत नाही, मोबाईलमध्ये फोटो नाही.

मी त्याला मारायला धावलो. बायको म्हणाली, "त्याला काय समजते? वही उघड्यावर तुम्ही ठेवली." बरोबरच होतं.

बायको आणि मी बसून जेवढी आठवली तेवढी नावं लिहिली आणि घरोघर गेलो. सरळ सांगितलं, वही खराब झाली, तुमच्याकडे किती निघतात? बहुतेकांनी खरा आकडा सांगितला. एका मावशीला मी म्हणालो, "हजार असतील बघा." तर ती म्हणाली, "हजार नाही बाबू, साडेबाराशे निघतात माह्याकडं." दोघा-तिघांनी मात्र कमी सांगितले, आणि माझ्याकडे वाद घालायला कागदच नव्हता. एक लक्षात आलं. ज्यांना मी प्रत्येक वेळी माल देताना मागची बाकी वाचून दाखवायचो, त्यांचा आकडा पक्का होता. ज्यांना "लिहून ठेवतो" एवढंच म्हणायचो, ते गोंधळले होते.

कायद्याचंही ऐका. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. मुदतीच्या आत गिऱ्हाइकानं बाकी लेखी मान्य करून सही केली, तर त्या दिवसापासून मुदत पुन्हा सुरू होते. आणि फक्त आपल्या वहीतल्या नोंदीवर कोणाला देणेकरी ठरवता येत नाही, सोबत दुसरा पुरावा लागतो. गावात कोणी कोर्टात जात नाही, मान्य. पण सही घेतली की माणूसही विसरत नाही आणि आपणही.

आता रोज रात्री शटर ओढायच्या आधी त्या दिवसाच्या पानाचा फोटो काढून बायकोच्या मोबाईलवर पाठवतो. पाचशेच्या वर उधारी गेली की सही. एक-दोन गिऱ्हाइकांना राग आला, एकानं दुकान बदललं. जाऊ द्या.

चुकारे पडल्यावर एकूण ३१,४०० वसूल झाले. राहिले ६,५००. त्यातली चार नावं मला अजूनही आठवत नाहीत. दुकानात कोणी ओळखीचं आलं की मी तोंडाकडे बघत राहतो, हाच तर नसेल? फेब्रुवारीत एक जण स्वतःहून आला आणि आठशे काउंटरवर ठेवून म्हणाला, "बाकी होते." मी त्याचं नाव विचारलं आणि नव्या वहीत जमा लिहिलं.