परीकथेचा शेवट आणि प्रेक्षक

परीकथेचा शेवट कसा व्हावा याविषयीं ऐकणाराच्या मनांत सहसा शंका नसते. दुष्टांना शासन व्हावें, राजपुत्राचें लग्न लागावें आणि कहाणी सुफळ संपूर्ण व्हावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. या अपेक्षेला धक्का देणारा 'इन्टू द वुड्स' हा संगीतपट २०१४ सालीं नाताळच्या दिवशीं अमेरिकेंत प्रदर्शित झाला आणि प्रेक्षकांत त्यावरून तट पडले. कोणी त्याला सुंदर म्हटलें, कोणी त्याला फसवणूक म्हटलें, तर कोणी मूळ कृतीची हानि झाली म्हणून हळहळले. या मतभेदाचें मूळ शोधूं गेल्यास तें एका जुन्याच प्रश्नांत सांपडतें: मुलांना गोष्ट सांगतांना ती कोठें थांबवावी?

मूळ कृति रंगभूमीवरची. तिची पद्यें व संगीत स्टीफन सोंडहाइम यांचें आणि संहिता जेम्स लॅपाइन यांची. १९८७ च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्क येथील ब्रॉडवेवर तिचा पहिला प्रयोग झाला व पुढें साडेसातशेंहून अधिक प्रयोग झाले. १९८८ च्या टोनी पारितोषिकांत संगीत व संहिता या दोहोंचा मान तिला मिळाला. सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचा मान मात्र त्या वर्षीं 'द फँटम ऑफ द ऑपेरा' या नाटकाकडे गेला. चित्रपटाची पटकथाही लॅपाइन यांनींच लिहिली, दिग्दर्शन रॉब मार्शल यांनीं केलें, आणि निर्मिति डिस्ने या संस्थेची. यांतील शेवटच्या नांवानेंच पुढील गैरसमजाचें बीज पेरलें. कारण त्या नांवाशीं जगभरच्या घरांत लहान मुलांच्या निष्पाप करमणुकीची कल्पना निगडित झालेली आहे.

या कथेंत सिंड्रेला आहे, गाय देऊन तिच्या बदल्यांत मंतरलेल्या बिया घेणारा जॅक आहे, आजीच्या घरीं निघालेली लाल डगल्याची मुलगी आहे आणि मनोऱ्यांत कोंडलेली, लांब केसांची रॅपुन्झेल आहे. या चार जुन्या गोष्टी एकत्र गुंफण्यासाठीं लेखकांनीं एक नवें जोडपें कल्पिलें: एक पाववाला व त्याची बायको. चेटकिणीच्या शापामुळें त्यांना मूल नाहीं. शाप उतरावयाचा तर पांढरी गाय, लाल डगला, पिवळे केस व सोन्याची मोजडी या चार वस्तु तीन मध्यरात्री उलटण्यापूर्वीं तिच्या हवालीं करावयाच्या. त्यांच्या शोधांत तीं दोघें अरण्यांत शिरतात आणि तेथें प्रत्येक गोष्टीची वाट दुसऱ्या गोष्टीच्या वाटेला येऊन मिळते. ज्याला जें हवें तें मिळतें. पण मिळवितांना प्रत्येकानें थोडी लबाडी, थोडी चोरी केलेली असते. जॅकनें तर आकाशांतल्या राक्षसाचें घर लुटून अखेर त्याचा जीवही घेतलेला असतो.

नाटकाचा पहिला अंक येथें आनंदांत संपतो. दुसऱ्या अंकांत त्या राक्षसाची विधवा सूड घेण्यास खालीं उतरते. घरें तुडविलीं जातात, माणसें मरतात, आणि जीं उरतात तीं एकमेकांवर दोष ढकलूं लागतात. सिंड्रेलाचा राजपुत्र पाववाल्याच्या बायकोच्या मोहांत पडतो आणि त्यानंतर लवकरच त्या बायकोला मृत्यु येतो. शेवटीं पाववाला, त्याचें तान्हें मूल, सिंड्रेला, जॅक आणि ती लाल डगल्याची मुलगी एवढींच मागें राहतात व एकमेकांच्या आधारानें नवा संसार मांडण्याचें ठरवितात.

सामान्य प्रेक्षकाची तक्रार नेमकी याच उत्तरार्धाविषयीं होती. लग्न झालें, मूल झालें, शाप उतरला; मग आणखी पाऊण तास हें दुःख कशासाठीं, असें अनेकांना वाटलें. मुलांना घेऊन आलेल्या आईबापांना पाववाल्याच्या बायकोचा मृत्यु व राजपुत्राचा बाहेरख्यालीपणा खटकला. चित्रगृहांतून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांचीं मतें अजमावणाऱ्या सिनेमास्कोर या संस्थेच्या पाहणींत चित्रपटाला 'बी' ही श्रेणी मिळाली. सणासुदीच्या कौटुंबिक चित्रपटाला प्रेक्षक याहून बरी श्रेणी देतात हें लक्षांत घेतां, तींत त्यांची नाराजी स्पष्ट उमटलेली दिसते.

या तक्रारीला तंत्राचेंही एक कारण आहे. नाटकांत दोन अंकांच्या मध्यें मध्यंतर असतें. पडदा पडतो, दिवे लागतात, प्रेक्षक आनंदी शेवटाचें समाधान मनांत घोळवीत बाहेर जातात; परत येतात तों आतां वेगळें कांहीं ऐकावयाचें आहे अशी मनाची तयारी झालेली असते. चित्रपटांत ही उसंत नाहीं. लग्नाच्या सोहळ्यांतच धरणी हादरते आणि सुखाचें दुःख होतें. दोन निराळ्या मनःस्थितींना विभागणारी भिंत काढून टाकल्यामुळें, ज्याला नाटकाची माहिती नाहीं अशा प्रेक्षकाला उत्तरार्ध म्हणजे संपलेल्या गोष्टीचें शेपूट वाटावें, हें स्वाभाविक आहे.

उलट, ज्यांना नाटक पाठ होतें त्यांची तक्रार अशी कीं, चित्रपट पुरेसा कठोर नाहीं. १९८७ च्या नाटकांत रॅपुन्झेल राक्षसिणीच्या पायांखालीं मरते. चित्रपटांत ती आपल्या राजपुत्राबरोबर निघून जाते. नाटकांत एक निवेदक असतो आणि भयभीत झालेलीं पात्रें त्यालाच राक्षसिणीच्या स्वाधीन करतात. मग पुढची गोष्ट सांगणारा कोणी उरत नाहीं. चित्रपटांत निवेदन पाववाल्याच्याच तोंडीं आहे. पाववाला व त्याचा बाप यांचें, जबाबदारीपासून पळून जाण्याविषयींचें करुण गाणें वगळलें गेलें, आणि दोघां राजपुत्रांच्या विनोदी युगुलगीताची दुसरी आवृत्तिही गेली. असे बदल होणार याची कुणकुण २०१४ च्या जून महिन्यांतच लागली होती. सोंडहाइम यांनीं कांहीं शिक्षकांशीं बोलतांना त्यांचा उल्लेख केला व नाट्यरसिकांत खळबळ उडाली. तेव्हां चित्रपट मूळ नाटकाशीं प्रामाणिक आहे, असा खुलासा त्यांनीं स्वतःच केला.

लांडग्याविषयींचें मतभेद विशेष उद्बोधक आहेत. नाटकाच्या मूळ प्रयोगांत लांडगा व सिंड्रेलाचा राजपुत्र या दोन्ही भूमिका एकच नट करीत असे. त्यामुळें भुरळ पाडणारा पशु आणि भुरळ पाडणारा राजपुत्र यांतील साम्य न सांगतां प्रेक्षकाला समजे. चित्रपटांत लांडगा जॉनी डेप यांच्याकडे व राजपुत्र क्रिस पाइन यांच्याकडे गेला आणि तें सूत्र तुटलें. शिवाय, रंगभूमीवर लाल डगल्याची मुलगी बहुधा वयानें मोठी नटी रंगविते. चित्रपटांत ती खरोखरीची लहान मुलगी आहे. तेंच गाणें, तेच शब्द. पण ऐकणारी लहान झाल्याबरोबर अनेक प्रेक्षकांना तें अस्वस्थ करणारें वाटलें. एखादी कृति एका माध्यमांतून दुसऱ्यांत नेतांना अक्षरही न बदलतां अर्थ कसा बदलतो, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

अर्थात् गुणांविषयीं बहुतेकांचें एकमत होतें. मेरिल स्ट्रीप यांची चेटकीण व एमिली ब्लंट यांनीं रंगविलेली पाववाल्याची बायको यांची स्तुति नाराज प्रेक्षकांनींही केली. धबधब्याच्या खडकांवर उभे राहून, आपलें प्रेमदुःख दुसऱ्याहून मोठें कसें हें गाणारे दोन राजपुत्र सर्वांनाच हसवून गेले. स्ट्रीप यांचा अभिनय, कलादिग्दर्शन व वेषभूषा यांसाठीं चित्रपटाला ऑस्करचीं तीन नामांकनें मिळालीं. सुमारें पांच कोटि डॉलर खर्चाच्या या चित्रपटानें जगभरांत एकवीस कोटींहून अधिक मिळविले. म्हणजे कुरकुर करणारा प्रेक्षकही चित्रगृहापर्यंत आला होता.

मग खरा पक्ष कोणाचा? ब्रूनो बेटेलहाइम या मानसशास्त्रज्ञानें १९७६ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, परीकथेंतील भय मुलांना आपल्या मनांतील भीतीशीं झुंजण्यास शिकवितें, आणि शेवटचें सुख त्यांना धीर देतें. या दृष्टीनें पाहतां आनंदी शेवट मागणारे आईबाप चुकत नाहींत. शाळांतील मुलांसाठीं तयार केलेली या नाटकाची लहान आवृत्ति पहिल्या अंकाशींच थांबते, ती यामुळेंच. परंतु जुन्या कथा तरी कोठें सौम्य होत्या? शार्ल पेरो याच्या १६९७ च्या संग्रहांत लांडगा मुलीला खातो आणि तिला सोडविण्यास कोणी येत नाहीं. ग्रिम बंधूंच्या सिंड्रेलेंत सावत्र बहिणी मोजडींत पाय बसावा म्हणून आंगठा व टांच कापून घेतात आणि पुढें पक्षी त्यांचे डोळे फोडतात. चित्रपटानें हे दोन्ही प्रसंग ठेवले आहेत. फरक इतकाच कीं, जुन्या कथांत दुःख दुष्टांच्या किंवा बेसावधांच्या वांट्याला येतें. येथें तें सामान्य, बऱ्याच अंशीं भल्या माणसांच्या वांट्याला येतें. प्रेक्षकाला सलतें तें हेंच.

१९८७ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्यें एड्सनें तरुण माणसें मरत होतीं. तेव्हांच्या कित्येक प्रेक्षकांना राक्षसीण म्हणजे ती साथच वाटली. मार्शल यांना हा चित्रपट करण्याची प्रेरणा झाली ती २०११ सालीं, न्यूयॉर्कवरील हल्ल्याच्या दहाव्या स्मरणदिनीं, राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनीं मृतांच्या आप्तांना, तुम्ही एकटे नाहींत, असा दिलासा दिला तेव्हां. तोच भाव नाटकाच्या एका प्रमुख गीतांत आहे. प्रत्येक पिढीनें आपापली राक्षसीण या कथेंत पाहिली.

अखेरच्या दृश्यांत पाववाला आपल्या आईविना झालेल्या मुलाला मांडीवर घेऊन हीच गोष्ट पहिल्यापासून सांगूं लागतो, आणि मुलें मोठ्यांचें बोलणें ऐकत असतात, म्हणून जपून बोलावें, असा इशारा गाण्यांतून मिळतो. गोष्ट कोठें थांबवावी, या प्रश्नाला चित्रपटानें दिलेलें उत्तर एवढेंच: ती ज्या मुलाला सांगावयाची त्याच्याकडे पाहून ठरवावें, पण त्याला एकट्यानें ऐकूं देऊं नये. मुलांना घेऊन चित्रगृहांत गेलेल्या आईबापांचें काम दिवे लागल्यावर संपत नव्हतें. घरच्या वाटेवर मुलांनीं विचारलेल्या प्रश्नांपासून तें सुरू होत होतें.