चाकूचं पातं का हलतं?

मागच्या वेळी आपण वैशेषिकांचा ‘संयोग’ पाहिला. तेव्हा इथल्या एमआयडीसीत काम करणाऱ्या एका श्रोत्याने विचारलं होतं, की सर, दोन वस्तू एकमेकींना लागून आहेत म्हणजे नेमकं काय, हे पुस्तकाबाहेर दाखवता येईल का? येईल. आज आम्ही घडीचा चाकू घेतला आहे.

वस्तू साधी. एक पातं, एक मूठ आणि दोन्हींतून आरपार गेलेला एक खिळा. पण उल्हासनगरच्या बाजारात दिवसभर खोकी फोडणाऱ्या मुलाच्या हातातला चाकू बघा, पातं खुळखुळत असतं. प्रश्न नुसत्या आवाजाचा नाही. पातं उघडं धरून ठेवणारा लॉक त्या खिळ्याच्याच भरवशावर असतो. खिळा सैल झाला की लॉक जागेवर बसत नाही, आणि जोर लावताना पातं मिटलं तर ते बोटांवरच मिटतं.

आता ‘सैल’ या शब्दाची फोड करू, कारण गल्लत इथेच होते. मूठ घट्ट धरा आणि पात्याचं टोक डावी-उजवीकडे हलवा. हललं, तर पातं आणि मुठीच्या पट्ट्या यांच्यामध्ये, वॉशरच्या बाजूला, फट आहे. मग पातं वर-खाली दाबा. तिथे हललं, तर दोष भोकात, खिळ्यात किंवा लॉकमध्ये आहे. रोग दोन, औषधं दोन. लोक मात्र दोन्हीला एकच उपाय करतात, स्क्रू आवळतात.

पहिल्या रोगाचं गणित पाहा. वॉशरचा व्यास १० मिलिमीटर, फट फक्त ०.०५ मिलिमीटर, म्हणजे केसाएवढी. खिळ्यापासून टोक ८० मिलिमीटरवर असेल, तर तिथे ती फट ०.४ मिलिमीटर होऊन दिसते. वॉशर १४ मिलिमीटरचा केला, की तीच फट टोकाशी ०.२९ च्या आत येते. स्क्रूला हात न लावता! बैठक रुंद करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि स्वस्त चाकूंत नेमका तोच टाळलेला असतो.

पण फट वाढते का? इथे वैशेषिक कामाला येतात. त्यांच्या मते संयोग ‘अव्याप्यवृत्ति’ असतो, म्हणजे तो वस्तूला सगळीकडून व्यापत नाही. माकड झाडाच्या फांदीला लागून असतं, मुळाला नसतं. विसाव्या शतकात केंब्रिजला बाउडन आणि टेबर यांनी धातूंच्या पृष्ठभागांबद्दल हेच दाखवलं. गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात काही थोड्या उंचवट्यांवरच टेकलेले असतात. सगळा भार त्या उंचवट्यांवर. ते चिरडले, खरवडले गेले, की जी जागा रिकामी होते तीच आपली फट. (दोघांचे प्रश्न वेगळे होते हे आम्हाला मान्य आहे. पण उदाहरण सोडवत नाही.)

म्हणून नुसतं ड्रिल मारलेलं भोक लवकर सैल होतं. त्याच्या आत डोंगर-दऱ्या असतात. ड्रिलनंतर रीमर फिरवावा, आणि पातं कडक केल्यावर भोकाचं माप पुन्हा तपासून ते घासून नेमकं करावं, कारण पाणी देताना माप बदलतं. आर्चर्डने १९५३ साली मांडलेला नियम सोपा आहे: झीज भाराबरोबर आणि घसरण्याच्या अंतराबरोबर वाढते, कठीणपणाबरोबर घटते. पण त्यात धूळ धरलेली नाही. फॉस्फर ब्राँझच्या मऊ वॉशरमध्ये धुळीचा कण रुतून बसला, की तो वॉशर कानशीसारखा वागतो आणि कडक पोलादच कापतो. जीन्सच्या कारखान्यांतल्या कात्र्यांना विचारा, सुताची धूळ तेलात मिसळून किती चिकट चिखल होतो. तेल थोडंच घालावं, आणि आधीचं पुसून.

बॉल बेअरिंगचं सध्या फार कौतुक आहे. पातं झर्रकन उघडतं खरं, पण गोळ्या अगदी लहान ठिपक्यांवर टेकतात. त्यांच्याखालची पट्टी मऊ असेल तर तिच्यात खाचा पडतात.

आम्हाला सर्वांत आवडलेली युक्ती बुशची. खिळ्याभोवती एक कडक नळी बसवायची, पातं आणि दोन वॉशर यांच्या एकूण जाडीपेक्षा किंचित लांब. मग स्क्रू कितीही आवळा, तो नळीवर येऊन थांबतो. फट ठरवते ती नळी, आपला हात नव्हे. जोडीला खिळ्याचं डोकं एका बाजूने सपाट करून तशाच भोकात बसवलं, तर तो पात्याबरोबर फिरत नाही आणि स्क्रूही सुटत नाही.

लॉकमध्ये तर झीज गृहीतच धरलेली असते. लायनर लॉकमध्ये पात्याच्या मागची कड साधारण ७-८ अंश तिरकी असते. झिजेल तशी लॉकची पट्टी थोडी आणखी आत सरकते आणि पाचरीसारखी पुन्हा घट्ट बसते. लाकडी मुठीच्या ओपिनेलसारख्या चाकूत उलटंच. बदलापूरच्या जुलैत लाकूड फुगून पातं उघडता उघडत नाही, तिथे सैलपणाची तक्रार दिवाळीनंतर करावी.

तुमच्याकडे जुना, रिव्हेटचा चाकू असेल तर हलक्या हातोडीने रिव्हेटचं डोकं बसवून आडवं हलणं बरंचसं थांबतं. वर-खाली हलणं मात्र ठोकून जात नाही, कारण भोक लंबगोल झालेलं असतं. ते घासून पुन्हा गोल करावं लागतं, आणि त्या मापाचा जाड खिळा लेथवर काढून घ्यावा लागतो.