बाबांना कमी ऐकू येतं, एवढंच आम्ही समजत होतो. डिमेन्शियाची सुरुवात लक्षात का येत नाही?

माझे बाबा तोफखान्यात हवालदार होते. २४ वर्षं नोकरी, १९९९ मध्ये द्रासला तोफेवर. तिथून ते सुखरूप परतले, पण डावा कान जवळपास गेला होता. त्यामुळे साताऱ्याकडच्या आमच्या घरात त्यांच्याशी बोलायची एक पद्धतच पडली होती. उजव्या बाजूला जायचं, मोठ्यानं बोलायचं, उत्तर आलं नाही तर पुन्हा सांगायचं.

म्हणूनच २०१७ च्या सुमारास ते एकच प्रश्न चार-चार वेळा विचारू लागले, तेव्हा कुणालाच वेगळं काही वाटलं नाही. आई म्हणायची, "कानात गेलंच नसेल त्यांच्या." मी तेव्हा इंजिनीअरिंगला होतो. यंत्र आणलं की विषय संपला, असं माझं मत. श्रवणयंत्र आलं, ऐकू येऊ लागलं. प्रश्न मात्र तेच राहिले.

मग एक दिवस साताऱ्याच्या मिलिटरी कॅन्टीनला गेलेले बाबा संध्याकाळी कराडच्या एसटी स्टँडवर सापडले. निदान झालं अल्झायमरचं. तोपर्यंत अडीच वर्षं निघून गेली होती.

वयाचा विसराळूपणा की आजार?

डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही. स्मृती, भाषा, निर्णय घेण्याची क्षमता ढासळून रोजचे व्यवहार अडू लागतात, त्या अवस्थेला डिमेन्शिया म्हणतात. तिचं सर्वाधिक आढळणारं कारण म्हणजे अल्झायमर. जर्मन डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. यात मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं साचत जातात आणि पेशी मरू लागतात.

पाहुण्याचं नाव पटकन न आठवणं हे वयाचं असू शकतं. सकाळी चहा पिऊन गेलेला पाहुणा आलाच नव्हता, असं ठामपणे सांगणं वेगळं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे.

कानाचा संबंध काय?

'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचा धोका वाढवणारे, पण टाळता किंवा कमी करता येण्याजोगे १४ घटक दिले आहेत. ऐकू कमी येणं आणि डोक्याला मार लागणं हे दोन्ही त्यात आहेत. ऐकू येईनासं झालं की माणूस गप्पांतून बाजूला होतो, मेंदूला मिळणारं काम कमी होतं, हे त्याचं एक संभाव्य स्पष्टीकरण. तोफेमुळे बाबांना हा आजार झाला, असं कुठलेही डॉक्टर म्हणाले नाहीत आणि मीही म्हणणार नाही. आमच्या घरात कानानं वेगळाच घोळ घातला. आजार त्याच्याआड लपून राहिला.

मुलगा आठवत नाही, पण तोफ आठवते

नव्या आठवणी नोंदवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग सुरुवातीलाच बाधित होतो. जुन्या आठवणी मेंदूत इतरत्र पसरून पक्क्या झालेल्या असतात, त्या उशिरा जातात. हातांना पडलेली सवय त्याहून चिवट. (मी मित्रांना हार्ड डिस्कचं उदाहरण द्यायचो. ते चुकीचं आहे, डिस्क एवढ्या क्रमानं बिघडत नाही.)

बाबा मला विचारायचे, "कुठल्या बॅटरीचा रे तू?" बॅटरी म्हणजे तोफांची तुकडी. मी आधी "बाबा, मी तुमचा मुलगा" असं समजावत बसायचो. ते चिडायचे, घाबरायचे. नंतर "तुमच्याच" म्हणू लागलो. दिवाळीत फटाका वाजला की ते आम्हाला खाली वाकायला लावायचे. आम्ही वाकायचो.

कागदपत्रं आधी का करायची?

हे आम्हाला फार उशिरा कळलं. मुखत्यारपत्र करून देणाऱ्याचीच समज गेली, तर भारतीय करार कायद्यानुसार ते संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी ते करून ठेवावं, त्याच दिवशी ते निकामी. त्यामुळे निदान लवकर झालं असेल, तर माणसाला कळतंय तोवर पेन्शनचं खातं पत्नीसोबत संयुक्त करणं, वारसनोंदी तपासणं, मृत्युपत्र करणं उरकून घ्यावं. आमचं शेतीचं एक काम बाबांच्या सहीअभावी शेवटपर्यंत अडलं.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. ॲपवर चेहरा दाखवून डोळे मिचकवायचे असतात. बाबा मोबाइलसमोर सावधानमध्ये बसले, नजर अजिबात हलेना. शेवटी आईनं हळूच फुंकर मारली.

उपचार आहेत का?

आजार परतवणारं औषध नाही. डोनेपेझिल, मेमँटिन यांनी काही रुग्णांची लक्षणं काही काळ सावरतात. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेलं लेकॅनेमॅब फक्त सुरुवातीच्या टप्प्यात देतात, तेही आजाराची गती थोडी कमी करतं. मात्र बी-१२ ची कमतरता, थायरॉइड किंवा डोक्यातली रक्ताची गाठ यांमुळेही विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून आधी तपासणी. माजी सैनिकांना ईसीएचएस दवाखान्यातून पुढे पाठवता येतं. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ या हेल्पलाइन आहेत.

शेवटच्या टप्प्यात गिळणं जमत नाही, अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. बाबा गेल्या वर्षी तसेच गेले. श्रवणयंत्र त्यांनी दोन महिने आधीच काढून टाकलं होतं. आई तरीही त्यांच्या उजव्या बाजूलाच बसून बोलायची.